बापूजींचे आकडे

“आकडा पाह्यजे म्हंते, अन् आकडाच तं देऊन राह्यली ना मी त्याले! डोळे फुटले काय याचे?”

पायल लॅपटॉपवर खेकसली, तशी शेजारच्या खुर्चीतल्या बापूजींनी मान वर केली.

“कोनावर खेकसून राह्यली वो?”

“मशीनवर, बाबा. तुमच्यावर नाई.”

“मंग बोल. मशीन मनाले लावून घेत नाई.”

बापूजी पुन्हा आपल्या कामाला लागले. त्यांचं काम म्हणजे लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर नजर ठेवणं. सकाळची दुसरी गोळी अजून व्हायची होती, आणि ती आपण स्वतः, वेळेवर, कुणी न सांगता घेणार असा त्यांचा बाणा होता. घरातल्या एका माणसाचं ते मशीन काही केल्या ऐकत नव्हतं, आणि दुसऱ्याचा सगळा दिवस त्याच्याच कोपऱ्याकडे बघत चालला होता.

पायल नागपूरच्या एका छोट्या कंपनीसाठी मोबाईलची ॲप लिहायची, पण अहेरीतल्या घरी बसून. आता ॲप लिहिणं म्हणजे नुसतं लिहिणं नसतं. लिहिलेल्या शेकडो फायली गोळा करून, एकमेकींना जोडून, त्यांचं मोबाईलवर चालेल असं एक अखंड ॲप बांधून देणारं वेगळं साधन असतं. या बांधणीला ही मंडळी बिल्ड म्हणतात. दिवाळीनंतर त्या साधनाची नवी आवृत्ती आली. टीममधल्या सगळ्यांनी ती घेतली आणि सगळ्यांची बिल्ड सुरळीत झाली. पायलच्या मशीनवर तेवढी ती अर्ध्यात येऊन मान टाकायची. लाल अक्षरांत एकच तक्रार: बिल्ड क्रमांकाच्या जागी आकडा हवा होता, मिळाला नाही. आणि त्याच ओळीत पुढे, अवतरणचिन्हांत, आकडा दिसत असायचा. ढळढळीत सत्तेचाळीस.

उपाय करायचे बाकी नव्हते. बंद करून चालू केलं. संगणकवाल्यांचा हा पहिला उपाय, आणि निम्म्या वेळा शेवटचाही. साधन काढून पुन्हा टाकलं. साठलेल्या जुन्या फायली पुसल्या. नागपूरहून दुसऱ्या मशीनवरच्या फायली जशाच्या तशा मागवल्या. त्या तिथे चालायच्या आणि इथे आल्या की रुसायच्या. शेजारच्या गोकुळाकाकूंनी मशीनला नजर लागली असेल असं सुचवलं, तेव्हा पायल हसली नाही. तिथवर गोष्ट आली होती.

“गाठ सापडली का?” बापूजींनी विचारलं. बिल्ड म्हणजे काय हे पायलने त्यांना एकदा जाळ्याच्या भाषेत समजावलं होतं. हजार गाठी मारून झाल्या तरी एक सुटली की जाळं पाण्यात टाकता येत नाही. तेव्हापासून ते रोज गाठीची चौकशी करत.

“नाई ना, बाबा. सगळ्याइचं जाळं निंघते, मायंच फाटते.”

“मंग सूत खराब नसंन. जागा पाह्य.”

तेवढ्यात करिष्माचा फोन आला. करिष्मा टीमची प्रमुख, मूळची यवतमाळकडची. बोलायला मोकळी, कामात कडक.

“झालं का काही?”

“नाही ताई. तेच येतंय.”

“तू मशीनमध्ये काही बदललं होतंस का? नीट आठव.”

“नवी आवृत्ती घेतली तेवढीच. बाकी काहीच नाही, खरंच.”

“हे बघ पायल, शुक्रवारी ॲप द्यायचंय. तुझ्या कामाची बिल्ड दर वेळी प्रणित करून देतो, त्याचं स्वतःचं काम पडून राहतं. सर काल म्हणाले, सोमवारपासून तिला ऑफिसमध्येच बसू दे. इथल्या मशीनवर.”

“काही दिवस?”

“काही दिवस असं नाही म्हणाले ते.”

पायलने फोन ठेवला. लकव्यापासून बापूजींचं डावं जग हरवलं होतं, पण कान दोन्ही शाबूत होते.

“नागपूरले बलावून राह्यले?”

“अजून ठरलं नाई.”

“जाय ना मंग. मी काय लहान पोट्टा हावो?”

लहान पोट्टा नव्हते, पण एकटे राहतील असेही आता राहिले नव्हते. सगळा जन्म प्राणहिता नदीवर गेला. डोंगा, जाळं आणि सकाळचा बाजार. बायको गेल्यावरही ते खचले नाहीत; पोरीला नागपूरला शिकवलं, ती शिकून तिथेच नोकरीला लागली, तेव्हा वस्तीभर पेढे वाटले. मागच्या उन्हाळ्यात मात्र लकवा मारून गेला. हातपाय बऱ्यापैकी परत आले, पण डावी बाजू त्यांच्या लेखी उरलीच नाही. डोळ्यांत दोष नव्हता. डावीकडचं काही मनापर्यंत पोचतच नसे. ताटातला उजवीकडचा भात खाऊन भूक असताना हात धुवायला उठायचे. मग पायल ताट फिरवून ठेवायची आणि नवा भात कुठून आला म्हणून ते चकित व्हायचे. भिंतीवरचं गोल घड्याळ पाहून त्यांनी विचारलं होतं, “अर्धं घड्याळ कोन घेऊन गेलं वो?” पायल तेव्हा आधी हसली होती आणि मग मोरीत जाऊन रडली होती. डाव्या बाजूला मान वळवायची सवय लावा, हळूहळू जमेल, असं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या मात्र वेळेवर घ्या, दुसरा झटका येता कामा नये, असंही सांगितलं.

पायल नागपूरची खोली सोडून अहेरीला आली ती यासाठी. कंपनीने घरून काम करू दिलं, हे तिच्या नशिबाचं. आता ते जाणार असेल तर दोनच वाटा होत्या: बापूजींना या घरातून उचलून नागपूरच्या चौथ्या मजल्यावर नेऊन बसवायचं, नाहीतर नोकरी सोडायची. पहिली त्यांना मानवली नसती आणि दुसरी ते तिला करू देणार नव्हते.

पंगू झाल्याचं बापूजींना दुःख होतंच, पण सगळ्यांत जास्त लागलं ते वेळ न कळण्याचं. उठताबसता पोरीला “किती वाजले वो?” विचारायचं, आणि विचारताना तिच्याकडे न बघता दाराकडे बघायचं. मोबाईल दिला, तर त्याचा पडदा घडीघडी विझायचा आणि एका हाताने तो पेटवण्यात त्यांची दमछाक व्हायची. शेवटी पायलला लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ सुचलं. ते नेमकं उजवीकडे असतं, दिवसभर विझत नाही, आणि काटे नसतात. तिने ते ठळक मोठं करून ठेवलं, त्यांची खुर्ची तिच्या डाव्या हाताला मांडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोपऱ्याकडे बघत बापूजी मोठ्यांदा म्हणाले, “आठ वाजून दहा!” आणि जाळ्यात मोठी मरळ मासोळी लागावी तसे स्वतःवरच खूश झाले. त्या दिवसापासून किती वाजले हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. उलट गोकुळाकाकूंनाच ते कुंपणापलीकडे ओरडून वेळ सांगत, त्यांनी विचारलेली नसली तरी.

दुपारी जेवण करून बापूजी आतल्या खोलीत झोपले. पायलने दार लोटून घेतलं आणि करिष्माने बोलावलेल्या मीटिंगमध्ये आपला पडदा सगळ्यांना दाखवला. करिष्माने या वेळी अनुषालाही घेतलं होतं. अनुषा हैदराबादची, कंपनीत नवीच, अजून फारसं कुणाशी न बोलणारी. पायलने बिल्ड चालवली. ती ठरल्या जागी येऊन पडली, लाल ओळ उमटली.

“पायल, वो कोट्स के अंदर क्या लिखा है?” अनुषाने विचारलं.

“फोर्टी सेव्हन.”

“कहाँ?”

“अरे, वही तो. सामने.”

“मुझे तो कुछ डिज़ाइन जैसा दिख रहा है.”

“डिझाईन काय गं, सत्तेचाळीस आहे ते स्वच्छ,” करिष्मा मराठीतच म्हणाली आणि एकाएकी गप्प झाली. पडद्यावर लिहिलं होतं: ‘४७’.

“पायल,” करिष्मा हळूच म्हणाली, “अगं, हे मराठीत आहे.”

किती वेळा ती ओळ पायलने फोनवर मोठ्याने वाचून दाखवली होती. करिष्माने त्या ओळीचा फोटो मोठा करकरून पाहिला होता. दोघींच्या डोळ्यांना तिथे आकडाच दिसला, कारण तो आकडाच होता, पहिलीत पाटीवर गिरवलेला. त्यात काही वेगळं आहे हे दिसायला ते आकडे न शिकलेलं माणूस लागलं.

मग सगळा उलगडा झाला. नवी आवृत्ती मशीनला त्याची भाषा विचारायची आणि त्या भाषेत बिल्ड क्रमांक लिहायची. पुढच्याच पायरीवर तो क्रमांक इंग्रजीत असणार असं धरून वाचायला जायची, आणि अडखळून पडायची. बाकी सगळ्यांची मशीन इंग्रजीत होती. पायलचं मशीन मराठीत होतं, कारण ते तिनेच, बापूजींच्या घड्याळासाठी, मराठीत करून ठेवलं होतं. ते इतकं घरचं झालं होतं की बदल म्हणून तिला आठवलंही नाही. बापूजींना फक्त मराठी आकडे येत होते. प्रौढांच्या साक्षरता वर्गाला ते आकडे संपेपर्यंत गेले. अक्षरं सुरू झाली तशी ‘मासोळी वजनावर इकते, अक्षरावर नाई’ म्हणून त्यांनी वर्गाला रामराम ठोकला होता.

“कर ते आधी इंग्रजी आणि दे बिल्ड,” करिष्मा हसत म्हणाली. “मी सरांना सांगते.”

पायलने आतल्या दाराकडे पाहिलं. बापूजींचं घोरणं ऐकू येत होतं. ते उठायच्या आत परत मराठी करून ठेवू, असं म्हणून तिने आकडे इंग्रजी केले आणि बिल्ड लावली. ती रोजच्या जागी आली, थबकली आणि पुढे निघून गेली. शेवटी हिरवी ओळ उमटली तेव्हा पायलने टेबलावर चापट मारली.

लगेच फोन वाजला. घरात रेंज तुटते म्हणून ती अंगणात आंब्याखाली गेली. आधी करिष्मा बोलली, मग सर स्वतः बोलले. शाबासकी दिली, सोमवारचं राहू दे म्हणाले, आणि मग सरांच्या सवयीप्रमाणे पुढच्या कामाबद्दल बोलतच राहिले. पायल हो हो म्हणत आंब्याभोवती फेऱ्या मारत होती. नागपूर टळलं होतं. बापूजी याच घरात राहणार होते आणि तीही. तिला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटत होती. कुंपणाशी गोकुळाकाकू आल्या तेव्हा तिने त्यांचाच हात घट्ट धरला आणि नजर उतरली म्हणून सांगितलं.

ती आत आली तर बापूजी आपल्या खुर्चीत बसलेले होते. उजव्या हातात गोळ्यांची पट्टी होती. ते लॅपटॉपच्या कोपऱ्याकडे बघत होते, डोळे बारीक करून, पुढे वाकून. तिची चाहूल लागली तरी त्यांनी मान हलवली नाही.

“बाबा, उठले तुमी? चा ठेवू?”

त्यांनी पट्टी धरलेल्या हातानेच डोळे चोळले.

“बाबा?”

“पोरी,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज तिला ओळखूही आला नाही, “माये आकडे गेले.”

पायलची नजर कोपऱ्यातल्या इंग्रजी आकड्यांवर गेली.

“कवाचा पाहून राह्यलो. काईच्या काईच दिसून राह्यलं. डावं तं गेलंच होतं. आता उजवंही चाल्लं वाटते.”

“नाई, बाबा! नाई!” ती धावत येऊन त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. “तुमचे आकडे नाई गेले. मीच बदलवले. कामासाठी. थांबा, पाहा, एक मिनिट थांबा.”

घाईत तिला नेमकी जागा सापडेना. रोज ज्या हातांनी न बघता टाईप करायची ते हात भलत्याच खिडक्या उघडत होते. अखेर सापडलं. कोपऱ्यातलं घड्याळ एकदा लुकलुकलं.

“वाचा आता.”

बापूजी बघत राहिले. ओठ हलले, पण आवाज फुटायला वेळ लागला. चुकलं तर काय, या भीतीने ते तो आकडा आधी मनातच घोळवत असावेत.

“चार,” ते म्हणाले. मग थांबून, “वाजून पाच.”

“बरोब्बर.”

“पक्कं?”

“पक्कं, बाबा.”

त्यांनी पट्टी मांडीवर ठेवली आणि त्याच हाताने तोंड पुसलं. पायलने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि मनमोकळं रडून घेतलं. आपण अंगणात नाचत होतो तेव्हा हा माणूस इथे एकटा बसून आपलं उरलेलं जग जाताना पाहत होता, हे तिला सोसेना. त्यांचा हात तिच्या केसांवर येऊन थांबला.

“लय भेवलो वो,” ते साधेपणाने म्हणाले.

चहा झाल्यावर तिने त्यांना सगळं सांगितलं. मशीन आकडा कसं लिहितं आणि पुढे जाऊन तेच कसं अडतं. बापूजींनी लक्ष देऊन ऐकलं. अर्ध्यातच त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं.

“थांब. म्हंजे सोताच लिवते, अन् सोतालेच वाचता येत नाई?”

“हो.”

“अन् याच्यासाठी तुले नागपूरले नेऊन राह्यले होते?” ते खदखदून हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. “त्याले माये आकडे येत नाई, मले त्याचे येत नाई. दोघंही अडानी, अन् तू आमच्या मधात!”

मग हसू ओसरल्यावर ते म्हणाले, “तुया कामाले इंग्रजी लागत असंन तं राहू दे वो इंग्रजी. मी इचारत जाईन तुले. त्यात काय हाये?”

हे बोलताना ते दाराकडे बघत होते.

पायलने करिष्माला फोन लावला.

“ताई, माझं मशीन मी परत मराठी केलंय. ते मराठीच राहणार.”

“का गं? बिल्डला दर वेळी बदलत बसशील का?”

“नाही. साधनालाच सांगू या की मशीन कुठल्याही भाषेत असलं तरी तू क्रमांक इंग्रजीत लिही. एका ओळीचं काम आहे.”

“ती ओळ सगळ्यांच्या प्रोजेक्टमध्ये जाईल. एका मशीनसाठी सगळ्यांच्या फायलीला हात लावायचा? सर विचारतील. तुझ्या मशीनला मराठीच का लागतं, काय सांगू त्यांना?”

पायलने सांगितलं. घड्याळाचं सांगितलं, साक्षरता वर्गाचं सांगितलं, आणि मघाशी चार वाजता काय झालं तेही, आवाज जमेल तितका सरळ ठेवून.

“टाक ती ओळ,” करिष्मा म्हणाली. “सरांचं मी बघते.”

ओळ टाकली की तिचं कारणही शेजारी लिहून ठेवावं लागतं, म्हणजे पुढे कुणी ती नकळत पुसत नाही. पायलने लिहिलं: काही मशीनवर आकडे मराठीत असतात, म्हणून. ‘काही’ हा शब्द लिहिताना ती जराशी अडली, कारण सगळ्या टीममध्ये तसं मशीन एकच होतं. पण तिने तो तसाच राहू दिला. मग बिल्ड लावली. कोपऱ्यातलं घड्याळ मराठीत चालत राहिलं आणि बिल्ड शेवटपर्यंत गेली.

बाहेर उन्हं उतरली होती. गोकुळाकाकूंच्या चुलीचा धूर अंगणात यायला लागला. पायल उद्याच्या कामाची जुळवाजुळव करत होती आणि शेजारी बापूजी कोपऱ्याकडे बघत बसले होते. वेळ झाली तशी त्यांनी पट्टी उचलली, अंगठ्याने गोळी दाबली. ती उडाली, टेबलावर पडली आणि घरंगळत डावीकडे गेली.

पायलला ती दिसत होती. टेबलाच्या कडेला, पेल्याला टेकून थांबलेली.

बापूजींनी समोर पाहिलं. उजवीकडे पाहिलं, मांडीवर चाचपलं, खाली वाकून जमीन पाहिली. “डावीकडे, बाबा” हे शब्द पायलच्या जिभेवर आले होते. तिने ते गिळले आणि बोटं कीबोर्डवरच ठेवली.

मग त्यांनी टेबलाच्या कडेवर उजव्या हाताचं बोट टेकवलं आणि ती कड धरून बोट सरकवायला सुरुवात केली. बोटामागून मान वळू लागली. मध्येच थांबली, जणू पुढे टेबल संपलं. पुन्हा सुरू झाली. बोट आणखी पुढे गेलं, मान आणखी वळली, आणि पेला त्यांना दिसला. पेल्याशी गोळी दिसली.

त्यांनी ती चिमटीत उचलून तोंडात टाकली, वर पाणी घेतलं, पेला जागेवर ठेवला.

“झालं,” ते पुटपुटले.

“काय झालं, बाबा?” पायलने पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

“काई नाई. तू आपलं काम कर.”